गोठ्यातली मारहाण आणि घरातली
‘जनावर ज्याचे त्याचे, पोलिसांनी त्यात कशाला पडावे?’ हा प्रश्न मला घातक वाटतो. प्राण्यांवरील क्रौर्य आणि घरगुती हिंसा अनेकदा एकाच उंबरठ्याआत आढळतात; अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेनेही २०१६ पासून अशा क्रौर्याची स्वतंत्र नोंद सुरू केली. आपल्या खानापूर-निपाणीकडे उसाच्या गाडीला जुंपलेल्या बैलाच्या पुठ्ठ्यावरचे पराणीचे (टोकदार काठीचे) व्रण सगळ्यांना दिसतात, पण दारू पिऊन म्हशीला दांडक्याने झोडपणाऱ्याच्या घरातली बायकापोरे कशी जगतात, हे कोणी विचारत नाही. (प्रत्येक गाडीवान असा असतो, असे मुळीच नाही.) १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा १० ते ५० रुपये आहे, मात्र जनावर ठार किंवा निकामी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून तक्रार देताना त्या कलमाचा आग्रह धरावा आणि घरातल्या माणसांचीही विचारपूस करायला लावावी.