मुंबईत वारलेला आयरिश नौसैनिक: शोध कोणत्या कागदापासून सुरू करावा?

शिवडीकर (प्रश्न)

नमस्कार. मुंबईतील जुन्या ख्रिस्ती दफनभूमींमधील शिलालेख उतरवून घेण्याचा मला छंद आहे. त्या नोंदी वाचून आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील एका बाईंनी मला पत्र पाठवले. त्यांच्या आजीचे काका ब्रिटिश नौदलात स्टोकर होते, म्हणजे आपल्याकडचे आगवाले बोटीच्या भट्टीपुढे जे काम करीत तेच त्यांचे काम. १९१६ च्या उन्हाळ्यात इराणच्या आखातातून त्यांना आजारी अवस्थेत मुंबईस आणले आणि ते येथेच वारले, असे त्या घरात सांगत आले आहेत. मात्र घरात कागद एकही नाही, कारण १९२२ मध्ये आयर्लंड इंग्रजी सत्तेपासून वेगळे झाल्यावर इंग्रजांच्या चाकरीत मेलेल्या माणसाविषयी उघडपणे बोलण्याची सोयच तेथे उरली नव्हती.

नाव आणि आडनाव दोन्ही कॉर्कमध्ये पैशाला पासरी मिळतील अशी आहेत. पहिल्या महायुद्धातील आयरिश मृतांची जी मोठी यादी १९२३ साली आठ खंडांत छापली गेली, ती बाईंनी चाळली. तीत या नावाचे पुष्कळ जण सापडले, पण सगळे पायदळातले. शिवडीलाही मला या नावाची शिळा दिसली नाही. शोध नेमका कोठून धरावा, आणि मुंबईत बसून मला त्यातले काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी_दप्तरे

नाव बाजूला ठेवा आणि आधी त्यांचा नौदलातील क्रमांक मिळवा. एकाच नावाचे पन्नास जण असू शकतात, क्रमांक मात्र एकाचाच असतो, आणि पुढचे सगळे कागद त्या क्रमांकानेच एकमेकांना जोडले जातात.

त्यासाठी लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजची एडीएम १८८ ही मालिका पाहावी. नौदलातील बिगर-अधिकारी माणसांच्या नोकरीच्या नोंदवह्या तीत आहेत. संकेतस्थळावरील सूचीत नाव, क्रमांक, जन्मतारीख आणि जन्मगाव विनामूल्य दिसते, त्यामुळे नुसत्या नावावर न थांबता ‘कॉर्क’, ‘क्वीन्सटाउन’ अशी गावे घालून शोध घ्यावा. कॉर्कजवळचे आजचे कोव्ह हे बंदर १९२० पर्यंत क्वीन्सटाउन या नावाने ओळखले जात होते, हे लक्षात असू द्यावे. क्रमांकाच्या आरंभीचे अक्षरही पाहावे. १९०८ पासून भरती झालेल्या स्टोकरांच्या क्रमांकाआधी ‘के’ येतो आणि अल्प मुदतीच्या करारावर आलेल्यांच्या क्रमांकाआधी ‘एसएस’ येतो. त्याआधी लागलेल्यांना नुसता आकडा असे. एवढ्यावरच बरीच नावे गळून पडतात.

नोंदवहीचे ते एक पान म्हणजे त्या माणसाची सगळी नोकरी असते. उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण किंवा गोंदण, भरतीपूर्वीचा धंदा, मग एकाखाली एक बोटींची नावे व तारखा, दरवर्षीच्या वर्तणुकीचा शेरा, आणि अखेरीस नोकरी कशी संपली त्याचे कारण. मृत्यू झाला असेल तर तेथे ‘डीडी’ (‘डिस्चार्ज्ड डेड’, म्हणजे मृत्यूने नोकरी संपली) अशी दोन अक्षरे, तारीख आणि पुष्कळदा ठिकाण व कारणही मिळते. पळून गेलेल्यांपुढे ‘रन’ असा शेरा असतो. घरच्यांना तो दिसेल याचीही तयारी ठेवावी.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. पानावर ‘व्हिव्हिड’ हे नाव दिसले की लोक त्या नावाची बोट शोधत बसतात. ती डेव्हनपोर्ट या इंग्लंडमधल्या नौदलतळाची किनाऱ्यावरची बराक होती. चॅथम आणि पोर्ट्समथ या दुसऱ्या दोन तळांवर अनुक्रमे ‘पेम्ब्रोक’ आणि ‘व्हिक्टरी’ ही नावे त्याच कामासाठी वापरली जात.

क्रमांक मिळाल्यावर एडीएम २४२ मधील युद्धमृतांची नोंदवही पाहावी. तीत मृत्यूचे कारण आणि दफनाचे ठिकाण असते, शिवाय जवळच्या नातेवाइकाचे नाव, नाते आणि पत्ताही असतो. आपल्या कामात तो पत्ता सर्वांत मोलाचा आहे, कारण तो आयर्लंडमधल्या नेमक्या घरापर्यंत नेऊन सोडतो. पायदळातला शिपाई असता तर इतके सांगता आले नसते. पहिल्या महायुद्धातील सैनिकांची बहुतांश दप्तरे सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात जळाली. नौदलाच्या या नोंदवह्या मात्र शाबूत राहिल्या.

खडकी_कँप

शिवडीला शिळा सापडली नाही याचे आश्चर्य वाटू नये. शिवडीच्या दफनभूमीतील ६२९ सैनिकांचे अवशेष जून १९६२ मध्ये पुण्याजवळ खडकी येथील युद्ध दफनभूमीत हलवण्यात आले आणि त्यांची नावे तेथील १९१४-१९१८ च्या स्मारकावर घेतली गेली. हिंदुस्थान आणि आजच्या पाकिस्तानातील ज्या दफनभूमींची निगा राखणे शक्य उरले नाही, तेथील सैनिकांची नावेही त्याच स्मारकावर आहेत. एकूण नावे अठराशेहून अधिक होतात. म्हणून शिवडीत पुन्हा हिंडण्याआधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर ‘किर्की’ हे जुने स्पेलिंग घालून, १९१६ साल आणि नौदल निवडून यादी पाहावी. तेथे नाव मिळाले तर क्रमांकही बहुधा त्याच ओळीत मिळेल आणि वरच्या प्रतिसादातील अर्धे काम वाचेल.

आणखी एक कागद खास मुंबईचा आहे. मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये होणाऱ्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत. वंशावळीच्या सशुल्क संकेतस्थळांवर त्यांच्या प्रतिमा मिळतात आणि फिबिस या संस्थेची सूची विनामूल्य पाहता येते. कॉर्कचा माणूस म्हणजे बहुतेक कॅथलिक, आणि कॅथलिक दफनांच्या नकला त्या मालिकेत अपुऱ्या आहेत. त्यामुळे तेथे नाव न मिळणे हा काही पुरावा मानता येणार नाही.

वंशवेल

जुनी_दप्तरे यांचा सल्ला उत्तम आहे, परंतु क्रम मला मान्य नाही. नौदलाच्या पानावरील जन्मतारीख म्हणजे भरतीच्या वेळी त्या मुलाने जे सांगितले ते. वय वाढवून सांगणारी पोरे पुष्कळ होती आणि आडनावाआधीचा ‘ओ’ गाळणारेही पुष्कळ. घराचा ठावठिकाणा पक्का नसताना एडीएम १८८ मध्ये उतरले तर कोणाचा तरी भलताच काका गळ्यात पडण्याचा संभव असतो. म्हणून कॉर्कच्या बाईंनी आजीच्या जन्मदाखल्यापासून मागे सरकावे.

‘आयर्लंडचे सगळे १९२२ च्या आगीत जळाले’ हे वाक्य बाई ऐकवतीलच, कारण तेथे ते सर्वांच्या तोंडी आहे. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सरकारी दप्तरखाना उद्ध्वस्त झाला आणि १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीचे जवळपास सगळे कागद त्यात गेले, ही गोष्ट खरी आहे. त्यानंतरच्या, १८९१ पर्यंतच्या शिरगणत्या मात्र सरकारनेच रद्दीत काढल्या होत्या. त्यांचे पाप आगीच्या माथी मारू नये. आपल्याला हवे ते तर शिल्लक आहे. १९०१ आणि १९११ च्या शिरगणतीचे घरोघरचे तक्ते आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. १८६४ पासून सर्वधर्मीयांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि तिच्या प्रतिमाही विनामूल्य आहेत. कॅथलिक चर्चची जुनी पुस्तके आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने लोकांसाठी खुली केली आहेत. त्यांत नावे बहुधा लॅटिन रूपात येतात, त्यामुळे जेम्सचा ‘जाकोबुस’ आणि विल्यमचा ‘गुलिएल्मुस’ झालेला असतो.

जन्मदाखला आणि बाप्तिस्म्याची नोंद शेजारी ठेवून वाचावी. मुदतीत नोंद न केल्यास दंड पडत असे, म्हणून आईबाप तारीख पुढे ढकलून सांगत. परिणामी मुलाचा बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसतो. अशा वेळी चर्चच्या पुस्तकावर भरवसा ठेवावा. १९११ च्या तक्त्यात हा तरुण घरी दिसला नाही तरी हरकत नाही, कारण शिरगणतीच्या रात्री जो घरात हजर तोच त्या कागदावर येई. मात्र त्या तक्त्यात विवाहित स्त्रीला किती मुले झाली आणि किती हयात आहेत हे विचारले होते. हयात मुलांचा आकडा घरात दिसणाऱ्यांपेक्षा मोठा असेल तर जो बाहेर आहे तो कदाचित आपला स्टोकर असेल. मग इंग्लंड-वेल्सच्या त्याच वर्षीच्या शिरगणतीत नौदलाच्या बोटींवरील माणसे पाहावीत.

शिवडीकर

दोन्ही बाजूंनी काम एकदमच सुरू करावे असे ठरवतो. बाईंकडे आजीचा दाखला मागितला आहे, आयोगाची यादी मी पाहतो. पण १९२३ च्या छापील यादीत नाव का नसावे, हे अद्याप उलगडले नाही. आणि आमच्या गटातील एक जण म्हणतात की मशीद बंदरच्या स्मारकात पाहा. तेथे काही मिळेल काय?

भाऊचा_धक्का

मशीद बंदरला जाऊ नये असे म्हणणार नाही, परंतु या कामासाठी ती खेप फुकट जाईल. इंडियन सेलर्स होममधील १९१४-१९१८ चे स्मारक समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे आहे, आणि ती माणसे प्रामुख्याने आपल्याकडची आहेत. कॉर्कचा माणूस त्यांत असण्याचे कारण नाही.

छापील यादीविषयी सांगायचे तर तिच्यात सुमारे एकोणपन्नास हजार नावे आहेत, पण जन्मस्थान आयर्लंड असे स्पष्ट लिहिलेली त्यांतली जेमतेम एकतीस हजार. पायदळाच्या आयरिश पलटणींत मेलेला इंग्रज तिच्यात आला आणि नौदलातला, व्यापारी बोटीवरचा किंवा कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात गेलेला आयरिश माणूस पुष्कळदा सुटला. पलटणींच्या याद्यांवर भिस्त ठेवली की असे होणारच. आयरिश चित्रकार हॅरी क्लार्कच्या नक्षीने सजलेले ते देखणे खंड डब्लिनला आयलंडब्रिज येथील स्मारक उद्यानात मांडलेले आहेत. उद्यानाची रचना ल्युटन्सची, आपल्या इंडिया गेटचा वास्तुरचनाकार तोच. पुस्तक कितीही देखणे असले तरी त्यात नाव नाही म्हणजे मरण झाले नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

माझी शंका वेगळीच आहे. घरचे ‘नौदल’ म्हणतात, पण तो व्यापारी बोटीवरचा फायरमन, म्हणजे तेथला आगवाला, तर नसेल? त्या बोटींवरही आयरिश पुष्कळ होते, आणि तसे असेल तर एडीएम १८८ मध्ये जन्मभर शोधले तरी तो मिळणार नाही. व्यापारी बोटींच्या १९१५ च्या खलाशीयाद्या विनामूल्य शोधता येतात. त्यांत वय, जन्मगाव आणि घरचा पत्ता असतो. तिसरी शक्यता रॉयल नेव्हल रिझर्व्हची. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि बोटींवरचे कामगार तेथे असत आणि त्यांची कार्डे क्यूच्याच बीटी ३७७ या मालिकेत आहेत.

हा फरक नुसता कागदी नाही. नौदल किंवा रिझर्व्हमधील माणूस ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात नोकरीत असताना आजाराने वारला असला तरी आयोगाच्या यादीत त्याचा हक्क आहे. व्यापारी बोटीवरच्या माणसाचा मृत्यू मात्र शत्रूच्या कारवाईमुळे झालेला असावा लागतो. मुंबईच्या इस्पितळात तापाने गेलेला फायरमन त्या नियमात बसत नाही. त्यामुळे खडकीच्या यादीत नाव न सापडल्यास अर्ज लिहिण्याची घाई करू नये. नोंदवहीचे ‘डीडी’ असलेले पान, मृत्यूचा किंवा दफनाचा दाखला, आणि ही दोन्ही माणसे एकच आहेत हे दाखवणारा नातेवाइकाचा पत्ता, एवढे हाती आल्यावरच आयोगाला लिहावे. नाव सापडले आणि नुसता क्रमांक किंवा स्पेलिंग चुकलेले असेल तर दुरुस्तीसाठी नोंदवहीच्या पानाची प्रत जोडावी.