प्रति: सार्वजनिक चार्जिंग इतके महाग का?
विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या सार्वजनिक जलद चार्जिंगचा दर घरच्या विजेपेक्षा जास्त असणे ही निव्वळ लूट आहे, हे मत मला अर्धेच पटते. ५० किंवा १५० किलोवॉटच्या डीसी (म्हणजे जलद) चार्जरसाठी घेतलेल्या मंजूर भारावर, म्हणजे वीज कंपनीकडून मंजूर करून घेतलेल्या कमाल वीजक्षमतेवर, काही ठिकाणी दरमहा स्थिर आकार (वीज वापरली नाही तरी द्यावी लागणारी ठरावीक रक्कम) भरावा लागतो. दिवसभरात दोनच गाड्या आल्या तरी तो चुकत नाही, आणि मग त्या दोघांच्याच माथी बसतो. मिनिटांवर आकारणी मात्र खरोखरच अन्यायकारक आहे, कारण बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की चार्जिंगचा वेग उतरतो आणि पुढचे प्रत्येक युनिट महाग पडते. शिवाय ॲपवर उपलब्ध दिसणारा चार्जर बंद असणे, किंवा चार्जिंग संपलेली गाडी तिथेच सोडून मालक गायब (हे तर सर्रास!) असणे, ही दुखणी केवळ चार्जरची संख्या वाढवून जाणारी नाहीत.