स्ले द स्पायर: दुसऱ्या ॲक्टमध्येच मरून राहिलो, पत्ते चुकीचे घेतो का?

बर्डी_ते_खापरी
नमस्कार मंडळी. मी नागपुरात मिहानमध्ये कामाला आहे, रोज सीताबर्डी ते खापरी मेट्रोनं जातो, म्हणजे येताना-जाताना मिळून तासभर फोन हातात असतोच. रील बघून बघून डोकं भणभणायला लागलं म्हणून दोन महिन्यांपूर्वी मित्राच्या सांगण्यावरून स्ले द स्पायर हा पत्ते टाकून शत्रूंशी लढायचा गेम घेतला आणि तेव्हापासून दुसरं काही उघडलंच नाही, इतका आवडला. पण जिंकणं काही जमून नाही राहिलं. आयर्नक्लॅड (गेममधला योद्धा) घेऊन चाळीसेक रन (पहिल्यापासूनचे डाव) झाले असतील, पहिला ॲक्ट (टप्पा) निघतो, दुसऱ्यात हमखास मरतो.

कालचंच सांगतो. माझ्याकडे ३१ पत्ते झाले होते, त्यात बॅरिकेड होता, दोन हेवी ब्लेड होते, म्हणजे सगळे भारी भारी पत्ते, मला वाटलं आज नक्की होते. समोर आला बुक ऑफ स्टॅबिंग, तो दर वेळी एक वार वाढवत जातो. माझ्या हातात आले तीन स्ट्राइक (साधा वार), एक डिफेंड (साधा बचाव) आणि बॅरिकेड. टर्नला पत्ते टाकायची एनर्जी तीन, बॅरिकेडलाच तीन लागते. तो टाकला आणि त्या टर्नला अंगावर सगळे वार घेतले, पुढच्या हातात परत स्ट्राइकच. तिथून सावरलोच नाही. लढाईनंतर तीन पत्ते दाखवतात त्यातला सगळ्यात ताकदीचा मी घेतो, एकदाही सोडत नाही, तरी असं काहून होते? आणि हे जमतच नसेल तर बॅलाट्रो हा पोकरच्या पत्त्यांचा गेम घेऊ का, तो सोपा आहे म्हणतात. एक अजून, घरी आईला वाटते मी पत्त्यांवर पैसे लावून खेळतो, तिला कसं समजावू तेही सांगा.

इस्पिक_एक्का
भाऊ, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे, "एकदाही सोडत नाही". तिथे खाली स्किपचं बटण आहे ना, त्याच्याशी दोस्ती कर.

हिशोब बघ. आयर्नक्लॅडचा सुरुवातीचा कॅट १० पत्त्यांचा, पाच स्ट्राइक, चार डिफेंड, एक बॅश. दर टर्नला पाच पत्ते येतात, म्हणजे दोन टर्नमध्ये पूर्ण कॅट हातातून फिरतो आणि बॅश पहिल्याच हातात यायची शक्यता निम्मी. आता तुझे ३१ पत्ते घे. पूर्ण फेरी व्हायला सहा टर्नच्या वर लागतात, आणि तुझा जो एक भारी पत्ता आहे तो पहिल्या हातात सहा वेळांतून एकदा येईल. बाकी पाच वेळा तू स्ट्राइकच मारत बसशील. भारी पत्ता घेतला म्हणजे तो हातात आला असं नसते रे, प्रत्येक नवीन पत्ता आधीच्या सगळ्या पत्त्यांना थोडा थोडा मागे ढकलतो.

आणि तुझे ते दोन हेवी ब्लेड. त्याचं डॅमेज १४, पण त्याचा खरा जीव स्ट्रेंग्थमध्ये (वाराला जोडली जाणारी जादा ताकद) आहे, स्ट्रेंग्थ त्याला तीनदा लागू होते. एक इन्फ्लेम टाकला की स्ट्रेंग्थ २, म्हणजे तोच वार २० चा. तुझ्याकडे स्ट्रेंग्थ देणारं काही होतं का? तू लिहिलं नाही म्हणजे नसावं. मग दोन एनर्जी घालून १४ डॅमेज, त्यासाठी एवढा जड पत्ता काहून बाळगायचा. बॅरिकेडचंही तेच, ब्लॉक (मार अडवणारी ढाल) टिकून राहतो खरा पण आधी ब्लॉक जमवणारे पत्ते तर पाहिजेत, तुझ्या हातात एक डिफेंड होता म्हणतो.

गेममधल्या दुकानात गेलास की आधी पत्ता काढून टाकायच्या सोयीकडे बघ. पहिल्यांदा ७५ सोनं लागते आणि दर वेळी २५ वाढते. स्ट्राइक काढायचे. लोकांना पैसे देऊन पत्ता कमी करणं जिवावर येते, मलाही सुरुवातीला यायचं, पण एकदा करून बघ, पुढच्या लढाईत हात कसा मोकळा वाटतो ते.

चौकट_दुर्री
इस्पिकभाऊंशी बरंचसं जुळतं पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर हा मुलगा उद्यापासून सगळंच स्किप करेल आणि पहिल्याच ॲक्टमध्ये मरेल. कॅट बारीक ठेवायचा हे खरं, पण पहिल्या ॲक्टमध्ये डॅमेज लागतंच. तिथला ग्रेम्लिन नॉब हा शत्रू आठवा. ८२ ते ८६ जीव, पहिल्या टर्नला नुसता ओरडतो आणि त्यानंतर तुम्ही स्किल प्रकारचा एक जरी पत्ता टाकला तरी त्याची स्ट्रेंग्थ २ ने वाढते. डिफेंड हे स्किलच आहे! म्हणजे तुम्ही जीव वाचवायला डिफेंड टाकता आणि तो अजून जोरात मारतो. सुरुवातीच्या दहा पत्त्यांवर त्याच्यासमोर उभं राहिलं की काय होतं ते मी अनेकदा भोगलंय. म्हणून पहिल्या काही लढायांत चांगले अटॅक दिसले की घ्यायचे, पॉमेल स्ट्राइक तर डोळे झाकून, ९ डॅमेज आणि वर एक पत्ता ओढून देतो, त्यामुळे कॅट जड झाल्यासारखा वाटतच नाही. श्रग इट ऑफही तसाच, ८ ब्लॉक आणि एक पत्ता.

माझी पद्धत अशी की पत्ता बघताना "हा भारी आहे का" असं विचारतच नाही, "पुढे मला काय मारणार आहे आणि हा त्याच्यावर चालतो का" हे विचारते. पहिल्या ॲक्टमध्ये उत्तर बहुतेक वेळा डॅमेज असतं. दुसऱ्यात एकाच टर्नला तीन तीन शत्रू मारतात तेव्हा सगळ्यांना एकदम लागणारा अटॅक आणि जाड ब्लॉक पाहिजे. मग जो पत्ता या दोन्हीत बसत नाही तो कितीही सोनेरी असो, राहू दे तिथेच.

मी मुळात टेबलवरच्या डोमिनियनकडून इकडे आले. २००८ चा गेम आहे, आपला आपण कॅट बांधत खेळायची ही सगळी तऱ्हा त्याच्यानंच लोकप्रिय केली. गंमत बघा, तिथेही सुरुवात दहा पत्त्यांनी आणि हातात पाच. आणि तिथे नवख्याला सगळ्यात उशिरा कळणारा पत्ता म्हणजे चॅपल, दोन नाण्यांचा, काम एवढंच की हातातले चारपर्यंत पत्ते कायमचे फेकून द्यायचे. मी पहिले कित्येक डाव तो घेतलाच नाही. शेजारच्या काकांनी एकदा तो घेऊन मला असं हरवलं की नंतर दोन दिवस तेच डोक्यात होतं.

गरम_तवा
फोनबद्दल थोडं. आता मे महिन्यात दुपारी बाहेर स्टॉपवर उभं राहून खेळू नको, नागपुरात ४५ ला टेकलं की फोन आधीच तापलेला असते, वरून गेम, स्क्रीन आपोआप मंद होते आणि अक्षरं दिसेनाशी होतात. माझा एकदा असाच चुकून एंड टर्नवर अंगठा पडला, चार पत्ते हातात होते आणि एनर्जी पूर्ण, रनच गेला. मेट्रोच्या एसीत खेळ. सेटिंगमध्ये फास्ट मोड चालू कर, अर्ध्या तासात जास्त लढाया होतात. आणि स्टेशन आलं म्हणून घाईत पत्ते टाकू नको, गेम बंद करून उतर, ती लढाई परत उघडल्यावर पहिल्यापासून सुरू होते, आधीचा मार गेलेला असतो. उभ्यानं एका हाताने खेळायचं असेल तर मीटिओरफॉल बघ, फोन उभा धरून पत्ता डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकवायचा, बस.

महालातली_ताई
आईंच्या प्रश्नावर लिहिते कारण आमच्याकडे हेच झालं होतं. मुलगा बॅलाट्रो खेळत होता, स्क्रीनवर फ्लश, पेअर, वर डॉलरचं चिन्ह, सासूबाई घाबरल्या. मी काय केलं तर त्यांना शेजारी बसवून एक डाव पूर्ण दाखवला. हातात बदामचे पाच आले, राजा, राणी, दश्शी, अठ्ठी, पंजी. एकाच जातीचे पाच म्हणजे फ्लश, त्याचे ३५ चिप, त्यात पत्त्यांचे १०, १०, १०, ८, ५ मिळवायचे, झाले ७८, गुणिले फ्लशचे ४, ३१२. पहिल्या ब्लाइंडला (फेरीला) ३०० गुण लागतात, एका हातात निघाला. समोर दुसरा माणूस नाही, खरा पैसा कुठे लागत नाही, गेम एकदा विकत घेतला की परत काही मागत नाही. त्या मेंढीकोट खेळणाऱ्या, त्यांना पाच मिनिटांत कळलं, उलट म्हणाल्या पेअर काय टाकतोस, थांब, अजून एक बदाम येईल.

आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणली आहे, हे गेम त्या जातीचेच नाहीत, हेही आईला सांग. युरोपातही बॅलाट्रोला आधी १८ वर्षांवरचा शिक्का मारला होता, नंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये तो १२ केला.

सोपा आहे का म्हणशील तर सुरुवात सोपी, पण तिथे कॅट ५२ चा आणि सगळं जोकरांवर (गुण वाढवणारे खास पत्ते), १५० जोकर आहेत आणि साधारण पाचच ठेवता येतात, म्हणजे सोडायला तिथेही शिकावंच लागते. गेममधल्या दर ५ डॉलरमागे १ व्याज मिळतं, जास्तीत जास्त ५, म्हणून २५ हातात ठेवून मगच खर्च करायचा. नवीन माणूस सगळे उडवतो आणि पाचव्या अँटीला (टप्प्याला) अडकतो. घे जरूर, पण स्पायर सोडून नको घेऊ.

बर्डी_ते_खापरी
सहा दिवसांनी लिहून राहिलो, माफ करा, महिनाअखेरीचं काम होतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल पहिल्यांदाच दुसरा ॲक्ट निघाला!! चॅम्प होता बॉस, १९ पत्ते होते माझ्याकडे, दोन स्ट्राइक काढलेले, सात की आठ वेळा स्किप केलं आणि प्रत्येक वेळी जिवावर आलं होतं ते खोटं नाही सांगत. चॅम्पचा जीव निम्म्याच्या खाली गेला की तो चवताळतो म्हणून निम्म्याच्या थोडं वर त्याला थांबवून ठेवलं, हेवी ब्लेड आणि इन्फ्लेम दोन्ही हातात यायची वाट पाहिली. आले. यावेळी एकच हेवी ब्लेड होता, पण वेळेवर आला. आईलाही दाखवलं, ती म्हणाली बरं, पण जेवताना नको.

आता तिसरा ॲक्ट, आणि नकाशात वर टाइम ईटर या बॉसचं चित्र दिसून राहिलं. माझ्याकडे फुकटात पडणारे छोटे पत्ते बरेच आहेत, अँगर तीन झालेत. यूट्यूबवर पाहिलं तर तो अशा कॅटवरच उठतो म्हणे. काय करू?

इस्पिक_एक्का
चॅम्प गेला, शाब्बास रे. टाइम ईटरचं असं आहे की तू बारा पत्ते टाकले की तुझी टर्न तिथेच संपते, उरलेली एनर्जी गेली, आणि त्याची स्ट्रेंग्थ २ ने वाढते. मोजणी टर्नसोबत संपत नाही, पुढच्या टर्नला चालूच राहते, आकडा त्याच्या जीवाच्या पट्टीखाली दिसतो. तिकडे बघत राहा. अँगर मजेमजेत टाकू नको, प्रत्येक अँगर त्या बारातला एक खातो आणि वरून स्वतःची एक कॉपी मागे ठेवतो. आधी ब्लॉक, मग मोठा वार, आणि बारावा पत्ता आपण ठरवून टाकायचा, त्याच्या हिशोबाने पडू द्यायचा नाही. अजून एक, निम्म्याच्या खाली गेला की एकदा तो परत निम्म्यावर येतो, तेव्हा ती शेवटची मोठी चाल त्याच्यानंतरसाठी राखून ठेव. माझे आबा मेंढीकोट खेळताना कोणता हुकूम गेला, कोणता राहिला ते मनात मोजत बसायचे, शेवटच्या तीन हातांत कुणाकडे काय आहे ते तोंडावर सांगायचे. तसं मोज.

बर्डी_ते_खापरी
सकाळी अजनी चौकाच्या आसपास लढाई सुरू केली. दोनदा बारा भरले, दोन्ही वेळी ब्लॉक आधी लावलेला होता, जीव ५१ राहिला. मग तो निम्म्यावर परत आला तोही पाहिला. तिसऱ्यांदा आकडा ९ वर होता, हातात हेवी ब्लेड होता, आणि खापरी आलं. तव्याभाऊंनी सांगितलं होतं म्हणून घाई नाही केली, बंद करून उतरलो. संध्याकाळी परतताना पहिल्यापासून.