घर हलवताना: टेम्पो, हमाल, पॅकर्स-मूव्हर्स. तुमचे अनुभव लिहा

वाशीकर_७१
समोरची सिडकोची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आठवडाभर खाली छोटा हत्ती टेम्पो उभा. काल तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं गोदरेजचं कपाट जिन्यातून उतरताना पाहिलं आणि १९९६ आठवलं. ठाण्याच्या नौपाड्यातून आम्ही इथे वाशीला आलो तेव्हा पॅकर्स हा शब्दही ऐकला नव्हता. बाबांनी नाक्यावरून टेम्पो आणि चार हमाल आणले. खोकी वाण्याकडची. आईने काचेच्या बरण्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून तांदळाच्या पिंपात बसवल्या, लोणच्याची तेवढी मांडीवर घेतली. कळव्यावरून निघालो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली वर बांधलेला पलंग लागेल अशी भीती वाटली, तर हमालांनी तो उतरवला, डोक्यावर घेऊन पलीकडे चालत नेला आणि परत बांधला. जास्तीचा रुपया मागितला नाही. नव्या घरातला पहिला चहा आईने त्या चौघांना दिला.
पुढच्या वर्षी आमचाही नंबर आहे. काय काय सांभाळायचं, लिहा.

स्वप्नाली_घोडबंदर
फोनवर नऊ हजार ठरले. सामान चढवून झाल्यावर पंधरा सांगितले. का, तर सामान जास्त आणि टेम्पो दारापर्यंत जात नाही. दिले नाहीत तर टेम्पो हलणार नाही म्हणे. सासरे हार्ट पेशंट, खाली खुर्चीवर बसलेले, त्यांची औषधं टेम्पोतल्या खोक्यात. दिले पैसे. आता माणूस घरी येऊन सगळं बघून, माळ्यावरचंसुद्धा, यादी लिहून देईल, मजला-लिफ्ट सगळं कागदावर येईल, तेव्हाच ॲडव्हान्स.

मीनल
बापरे स्वप्नाली. काका बरे आहेत ना?

स्वप्नाली_घोडबंदर
हो गं, आता छान. औषधं, कागदपत्रं, दागिने, चार्जर आपल्याच पिशवीत ठेवा सगळ्यांनी.

ऐरोली_निखिल
फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर नवीन आणताना मागे जे बोल्ट होते ते शोधा. ते न लावता हलवलं की ड्रम आत आपटतो, आमचा गेला. फ्रिज उभाच न्या, नेल्यावर काही तास बंद ठेवा. आणि सोसायटीच्या ऑफिसात आधी विचारा. आमच्याकडे रविवारी लिफ्ट सामानाला देत नाहीत, टेम्पो गेटवर तीन तास उभा होता.

सुनंदा_काकू
सिलिंडर सामानात देऊ नका. एजन्सीत बदलीचं आधी बघा. पाइपचा गॅस असेल तर शेवटचं बिल भरून बंद करून घ्या, मागचा भाडेकरू बिल ठेवून गेला आणि मुलाला खेपा घालाव्या लागल्या.

घणसोलीचा_पोरगा
माझे वडील वाशी मार्केटला माथाडी. ऐंशी-नव्वद किलोची गोणी पाठीवर. मानेखालची कातडी टाचेसारखी कडक झालेली, लहानपणी मी बोटाने दाबून बघायचो. १९६९ चा माथाडी कायदा आला आणि माथाडी बोर्डात नोंद असलेल्यांना पगार, फंड मिळू लागला. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचा फोटो आमच्या घरात देवाशेजारी आहे. घरसामान उचलणाऱ्या बऱ्याच पोरांना यातलं काही नसतं. टेम्पोवाला नेतो, रोजावर. म्हणून विनंती, कपाट रिकामं करून द्या. पुस्तकं लहान खोक्यांत भरा, मोठं खोकं भरलं की एकाला उचलवत नाही. लिफ्ट बंद असेल तर आदल्या दिवशी सांगा म्हणजे एक माणूस जास्त आणतील. आणि पाणी विचारा. वडील म्हणायचे, पाणी विचारणाऱ्या घरातला आरसा कधी फुटत नाही.

वाशीकर_७१
भाऊ, वाचून गलबलून आलं. वडिलांना नमस्कार सांगा.

घणसोलीचा_पोरगा
दोन वर्षं झाली, गेले. पण सांगतो, फोटोपुढे.

मीनल
🙏

कळव्याची_अश्विनी
कुकरच्या शिट्या होईपर्यंत लिहिते. आमच्या पॅकर्सनी कुंड्या घेतल्याच नाहीत. तुळस रिक्षाने आणली, मोगरा शेजारच्या वहिनींना दिला. कढीपत्ता आणला पण तेव्हापासून रुसलाय, पानं पिवळी.

सुनंदा_काकू
आंबट ताक पातळ करून घाल मुळाशी. कुंडी केवढी आहे?

कळव्याची_अश्विनी
रंगाच्या डब्यात आहे काकू.

सुनंदा_काकू
मग आधी डब्याला खाली भोकं पाड, पाणी तुंबलं असेल.