ताहिनी / तिळाचं ड्रेसिंग घरी कोण करतं? अनुभव आणि आठवणी लिहा

तिलकवाडीकर:
काल भाची आली बेंगळूरहून, हल्ली व्हीगन झालीय, म्हणजे दूध दही तूप मध सगळं बंद. बेळगावात येऊन दुधाच्या कुंद्याला नको म्हणणारं माणूस आमच्या घरात पहिलंच, आई नुसती बघतच बसली. जेवताना हिनं काकडी गाजर चिरून घेतलं, बॅगेतून ताहिनीची, म्हणजे तिळाच्या पेस्टची, बाटली काढली, त्यात लिंबू, किसलेला लसूण, मीठ, पाणी, चमच्यानं हलवलं की झालं ड्रेसिंग. पण झाकण उघडल्यावर जो वास आला ना! शहापूरच्या घरात भोगीच्या सकाळी आजी तीळ भाजून पाट्यावर वाटायची भाजीत घालायला, वाटता वाटता तेल सुटून वरवंटा चकाकायला लागायचा, आणि पाट्यावर उरलेलं आम्ही पोरं बोटानं पुसून गुळाबरोबर खायचो. बाटली निम्मी संपलीय म्हणून आज घरीच केलं. पांढरे तीळ मंद आचेवर, रंग बदलायच्या आत उतरवायचे, गार झाले की मिक्सरचं चटणीचं भांडं, कडेचं खाली ढकलत थांबत थांबत फिरवायचं आणि शेवटी चमचाभर तेल. मग तीन चमचे पेस्टला एक लिंबू, लसणाची एक पाकळी, मीठ, किंचित गूळ, लागेल तसं पाणी. तिला आवडलं, आईला नाही. तुमच्याकडं काय करता?

निपाणीचा नाना:
लिंबू घातलं की गोळा व्हायलाय त्याचं काय

जुना मस्कतवाला:
नाना घाबरायचं नाही, तो गोळा होणारच. तिळातला कोरडा भाग आधी पाणी ओढून घेतो आणि तेल बाजूला पडतं म्हणून फाटल्यासारखं दिसतं, चमचा चमचा पाणी घालत हलवत राहा, एकदम सैल पडतं आणि रंग पण पांढरा होतो. आमच्या मस्कतच्या किचनमध्ये लेबनानी उस्ताद होता, तो बर्फाचंच पाणी घ्यायचा. ताहिनी लिंबू लसूण मीठ पाणी एवढंच, त्याला ते लोक तराटोर म्हणतात, फलाफलवर म्हणजे त्यांच्या छोल्यांच्या वड्यांवर घाला नाहीतर माशावर. लसूण ठेचून आधी लिंबाच्या रसात थोडा वेळ ठेवायचा आणि रस गाळून घ्यायचा, उग्रपणा जातो. पातळ करायला कुणी तेलाची बाटली उचलली की शिव्या ठरलेल्या. खानापूरला आल्यावर बायकोला करून दाखवलं तर म्हणाली यात मिरची कुठाय

वडगावची वहिनी:
रविवार पेठेत सोललेले पांढरे तीळ मागा, सालासकट घेतले की कडवट लागतं. कॅल्शियम सालीत जास्त असतंय ते खरं, पण ते चटणीला वापरा. आणि भाजायचं फार नाही हां, तिळकुटाला भाजतो तसं भाजलं की ताहिनी नाही ती, तिळाची चटणीच झाली. कुकरची शिट्टी झाली, पळते

अथणीची सुनंदाक्का:
आमच्यात तिळापेक्षा कारळं जास्त, कन्नड शेजारणी गुरेळ्ळ म्हणतात. मी त्याचंच करून बघितलं, लिंबू लसूण गूळ सगळं तसंच. चव एक नंबर, पण रंग बगा, काकडीवर डांबर ओतल्यागत. आमचे हे म्हणाले चला, घरातला तरी रस्ता झाला

निपाणीचा नाना:
😂😂 रस्त्याचं नाव काढू नका वैनी

कॅम्पातला पांडू:
ते सगळं राहू दे, भाचीच्या वाटणीच्या कुंद्याचं काय झालं?

तिलकवाडीकर:
मी आहे की पांडबा. पोटात गेला.

गोकाकची लेक:
आमच्या डिंक-सुक्यामेव्याच्या करदंटात पण तूप असतंय, म्हणजे ती पोरगी आमच्याकडं आली तर उपाशीच. पण नाही, उपाशी नाही राहणार. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर आम्ही रोज कच्ची मेथी, पातीचा कांदा, मुळा, काकडी घेतो, वर शेंगाचटणी आणि कच्चं तेल, दही नको म्हटलं की झालं की व्हीगन. कालच त्या कच्च्या मेथीवर ताहिनी घालून खाल्लं, मेथीचा कडूपणा दबतो आणि घशाला तेल तेल पण लागत नाही. चिरलेली मेथी जरा चोळून घ्यायची मिठानं, पाणी सुटू द्यायचं नाही मात्र, लगेच खायचं

संकेश्वर:
संकेश्वरी मिरची तिखट लागते त्यात. वाळकी मिरची लिंबाच्या रसात भिजवून लसणाबरोबर वाटायची. मस्कतवाले, तुमच्या मिसेसचं बरोबर आहे

हिंडलग्याची ताई:
मजा चाललीय त्यात एक सांगते, तिळाची अ‍ॅलर्जी असते हो. पुतण्याला लहानपणी तिळाच्या वडीनं ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, रात्रीच डॉक्टरकडं न्यावं लागलं. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तीळ आहे हे लिहावंच लागतं, आपल्याकडं घरच्या वाटीत काय काय आहे हे कोण लिहिणार. ड्रेसिंगमध्ये दिसत पण नाही तीळ. पाहुण्यांना वाढायच्या आधी विचारा एवढंच

गोकाकची लेक:
अगंबाई. आता बरा आहे ना?

हिंडलग्याची ताई:
एकदम. कॉलेजला जातो. संक्रांतीला त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू वेगळ्या कढईत, आणि तो मुद्दाम सगळ्यांना सांगत फिरतो मला गोड बोलायची सक्ती नाही म्हणून

वडगावची वहिनी:
😄 आले परत. कुणीतरी टिकतं किती विचारलं होतं ना? का दुसरीकडं वाचलं मी. असो, नुसती पेस्ट काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये पुष्कळ दिवस राहते, चमचा कोरडा पाहिजे, वर तेल आलं तर ओतून टाकू नका, ढवळा. लिंबू लसूण घातलेलं मात्र तीनचार दिवसात संपवा. फ्रीजमध्ये घट्ट होतंय, पाणी घालून परत हलवायचं

निपाणीचा नाना:
केलं. झालं पांढरं. उस्तादाला सलाम. पोरांनी चपातीला लावून खाल्लं, सॅलड तसंच पडलंय ताटात

जुना मस्कतवाला:
पोरं हुशार आहेत

चिकोडीकर आज्जी (नातीच्या फोनवरून):
मिक्सरात तीळ गरम होतंय, म्हणून वास जातोय. पाट्यावर करा. आमच्याकडं पाटा आहे पण गुळगुळीत झालाय, वाटण नुसतं सरकतंय. आधी टाकी लावणाऱ्या, म्हणजे ठोकून पाटा परत खरबरीत करणाऱ्या बायका दारावर यायच्या, आता कोण येत नाही. बेळगावात कुणी आहे का टाकी लावणारं?

कॅम्पातला पांडू:
आज्जी, शनिवार खुटाकडं विचारून सांगतो. पाटा केवढा आहे? बसमधनं आणता येईल काय

चिकोडीकर आज्जी (नातीच्या फोनवरून):
मला उचलत नाही. नातजावई आणेल