राबाउलच्या युद्धावशेषांविषयी माहिती हवी आहे

विजयदुर्गकर:
नमस्कार. माझा भाचा मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर असून त्याचे जहाज पुढील महिन्यात पापुआ न्यू गिनीमधील न्यू ब्रिटन बेटावर, राबाउल बंदरात लागणार आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे जपान्यांचा मोठा तळ होता, एवढेच मला ठाऊक आहे. दोस्त राष्ट्रांनी तो तळ लढून घेतला नाही असे म्हणतात. मग इतकी भुयारे आणि विमानांचे सांगाडे तेथे कसे, हे कळत नाही. त्याच्या हाताशी एकच दिवस आहे. त्याने काय पाहावे?

निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी:
तळ लढून घेतला नाही, म्हणूनच एवढे शिल्लक राहिले. ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात समुद्र शिरून तेथील सिम्प्सन हार्बर तयार झाले आहे, आणि वाघोटन खाडीत आपली गलबते जशी वाऱ्यापासून निर्धास्त राहत, तशी तेथे मोठमोठी जहाजे राहू शकतात. २३ जानेवारी १९४२ रोजी जपानने सुमारे १,४०० ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या फौजेकडून ते घेतले. पुढे १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांनी चढाई करण्याऐवजी राबाउलला वळसा घालून रसद तोडण्याचे आणि वरून बॉम्बफेक करत राहण्याचे ठरवले. त्यामुळे रुग्णालये, कोठारे, कार्यशाळा असे सारे जमिनीखाली गेले. भुयारांची एकूण लांबी शेकडो किलोमीटर भरते. ६ सप्टेंबर १९४५ रोजी ‘ग्लोरी’ या ब्रिटिश विमानवाहू नौकेवर शरणागतीच्या कागदावर सही झाली, तेव्हा त्या भागात जवळपास एक लाख जपानी माणसे होती.

माजी खलाशी, वेंगुर्ले:
मी तेथे दोनदा उतरलो आहे. जवळच्या कोकोपो शहराच्या वाटेवरील बार्जांचे (सपाट तळाच्या मालवाहू नौकांचे) भुयार चुकवू नये. समुद्रकिनाऱ्यापासून आत, डोंगराच्या पोटात, एकामागे एक बार्जा उभ्या आहेत. त्या रुळांवरून पाण्यापर्यंत ओढत नेत असत. खाऱ्या, दमट हवेने लोखंड इतके खाल्ले आहे की बोट लावले तरी पापुद्रा हातात येतो, म्हणून कृपया हात लावू नये. भिंतींवर कुदळीचे घाव दिसतात. तो ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड आहे. आपल्या चिरेखाणीतला जांभा पाहिलेल्या माणसाला तो कसा कापला असेल हे सांगावे लागत नाही. बॅटरी मात्र चांगली न्यावी.

जुन्या राबाउल शहराचे फारसे काही उरलेले नाही, आणि त्याला युद्धापेक्षा डोंगर जास्त कारणीभूत आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये टावुरवुर आणि व्हल्कन हे दोन्ही ज्वालामुखी एकाच वेळी जागे झाले, राखेच्या भाराने छपरे कोसळली आणि प्रांताची राजधानी कोकोपोला हलवावी लागली. जुन्या विमानतळाजवळ जपानी बॉम्बफेकी विमानाचा सांगाडा त्याच काळ्या राखेत पडून आहे. तोफा आणि इतर सामान एकत्र पाहायचे असेल, तर कोकोपोचे संग्रहालय सोयीचे आहे.

निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी:
एक दुरुस्ती आधीच करून ठेवते. गावात ‘यामामोटोचा बंकर’ दाखवतात आणि जपानी नौदलाचे सेनानी अॅडमिरल यामामोटो तेथेच मारले गेले, असा समज घेऊन अनेक जण परततात. प्रत्यक्षात १८ एप्रिल १९४३ रोजी ते राबाउलहून विमानाने निघाले आणि बुगनव्हिल बेटावर ते विमान पाडले गेले.

आणि मनापासून एक विनंती. सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्या हिंदी सैनिकांपैकी हजारोंना जपान्यांनी न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनकडे मजुरीसाठी नेले. उपासमार, हिवताप आणि मारहाण यांत त्यांतील पुष्कळ जण गेले. कोकोपोच्या पुढे बिता पाका येथे युद्धस्मशान आहे. तेथे ऑस्ट्रेलियन सैनिकांबरोबर आपलीही माणसे आहेत, आणि शेकडो शिळांवर नावच नाही. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत यांच्याविषयी एक ओळही मी कधी शिकवली नाही, याची मला खंत आहे.

विजयदुर्गकर:
आपणां दोघांचे आभार. भाच्याला आत्ताच कळवले आहे. तो सकाळी थेट बिता पाकाला जाईल आणि बार्जांचे भुयार परतीच्या वाटेवर पाहील. नावे असलेल्या हिंदी शिळांची छायाचित्रे घेण्यासही त्याला सांगितले आहे; ती आली की येथेच टाकतो.