दोन दाढांच्या मधली कीड : कॉम्पोझिट करू की ओनले?

नमस्कार. उजव्या बाजूच्या खालच्या दाढेत 16 वर्षांपूर्वी चांदी भरली होती. गेल्या महिन्यात भाजलेले शेंगदाणे खाताना दाढेचा मागचा कोपरा तुटला. एक्स-रे काढला तर शेजारच्या दाढेला लागून खाली कीड दिसली. नसेपर्यंत गेलेली नाही, रूट कॅनल नको, यावर दोन्ही डॉक्टरांचं एकमत आहे. भरायचं काय, यावर मात्र दोघांची दोन मतं.

पहिले डॉक्टर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं भरण) म्हणतात. एका बैठकीत होतं, पैसेही कमी. ॲसिडच्या जेलने दात खरखरीत करायचा, बाँडिंग (भरण दाताला चिकटवणारा द्रव) लावायचं आणि साधारण 2 मिलिमीटरचे थर देत प्रत्येक थर निळ्या दिव्याने कडक करायचा. कडक होताना ते किंचित आकसतं, म्हणून एकदम गोळा भरत नाहीत. हे सगळं पटलं. पण माझ्या किडीची कड हिरडीला टेकलेली आहे आणि तिथे लाळ सतत साचते. बाँडिंगला ओल लागली तर ते धरत नाही, फटीतून पुन्हा कीड शिरते. रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावणार का विचारलं, तर म्हणाले, कापसाचे बोळे पुरतात. तिथेच माझं मन अडलं.

दुसऱ्या डॉक्टर सिरॅमिकचं ओनले (दाढेच्या वरच्या भागावर चिकटवायचं कवच) सुचवतात. माप घेऊन लॅबमध्ये बनवतात, दोन खेपा, खर्च बराच जास्त. उरलेली भिंत पातळ आहे, ती ओनलेने झाकली जाईल, हे त्यांचं कारण मला वजनदार वाटतं.

सध्या जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) भरून ठेवलंय. ते ओल थोडी सोसतं, फ्लोराइडही सोडतं, पण चावण्याच्या जागी झिजतं. आत्ताच कडेला खाच पडली आहे. काल शेवग्याच्या शेंगेचा दोरा तिथे असा अडकला की फ्लॉसही चिरफळून निघाला.

पुन्हा चांदी नको. तिच्यात निम्मा पारा असतो, युरोपियन युनियननेही 1 जानेवारी 2025 पासून ती जवळपास बंद केली आहे.

दोन दाढांच्या मध्ये कॉम्पोझिट केलेल्यांनी कृपया सांगा : रबर डॅम लावला होता का? शेजारच्या दाढेशी घट्ट बसलं, की घास अडकतो? किती वर्षं टिकलं? इथे कुणी दंतवैद्य असतील तर, हिरडीलगतच्या कडेला खाली जीआयसी आणि वर कॉम्पोझिट असं करतात का, तेही सांगा. गुरुवारची वेळ घेतली आहे, त्याआधी ठरवायचंय.